चारशे बारावी आवृत्ती

सोमवारी सकाळी सव्वानऊला तिनं फलक उघडला, तेव्हा पंचेचाळीस चौकोन हिरवे होते आणि एक पांढरा.

हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे मागे राहिलेला. पांढऱ्याचा अर्थ तिलाही चटकन आठवेना. फलक बनवून घेताना तिनंच हे दोन रंग सांगितले होते. तिसरा लागेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिचं काम समजायला सोपं, सांगायला जरा लांबलचक. शहराला पाणी देणारी शेहेचाळीस पंपघरं. प्रत्येकात भिंतीवर एक लोखंडी पेटी आणि पेटीत छोटा संगणक. व्हॉल्व्ह किती दाबाला उघडायचा, पंप किती मिनिटं चालवायचा, पाण्याचा ओघ किती वाढला की भोंगा वाजवायचा, बिघाड झाला तर कुणाला फोन लावायचा, हे सगळं त्या संगणकाला एका फाइलमधून कळतं. ती फाइल तिच्या ताब्यात. तिच्यात एक आकडा जरी बदलला तरी फाइलला पुढचा नंबर मिळतो. पाच मिनिटांत सगळी पंपघरं ही नवी आवृत्ती ओढून घेतात आणि उलट कळवतात, मी अमुक नंबरवर आहे.

ती यायच्या आधी असं काही नव्हतं. कुठल्या पंपघरात काय ठरवलंय ते त्या त्या फिटरच्या डोक्यात, आणि फिटर रजेवर गेला की डोकंही रजेवर. तिनं आल्याआल्या नियम घातले. कारण लिहिल्याशिवाय बदल नाही. दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय बदल नाही. आणि जुना नंबर नव्यावर कधीच चढणार नाही, कारण एकदा वाटेत अडकलेली जुनी फाइल उशिरा पोचली होती आणि उंचावरच्या वस्त्या दोन दिवस कोरड्या राहिल्या होत्या. सुरुवातीला सगळे कुरकुरले, तिला ‘आवृत्तीबाई’ म्हणायला लागले. पुढे नाव राहिलं, कुरकुर गेली.

तर त्या सोमवारी पंचेचाळीस पंपघरं चारशे नऊवर होती. सतरा नंबरचं म्हणत होतं, मी चारशे बारावर आहे.

चारशे बारा नावाची आवृत्ती नव्हतीच. चारशे दहासुद्धा नव्हती.

तिनं फिटरकाकांना फोन लावला. काका तीस वर्षं पंपघरं फिरत होते, संगणकाला ते ‘तुमचा तो डबा’ म्हणत.

"काका, सतराला जाऊन येता का? डबा काहीतरी भलतंच बोलतोय."

"डबा बोलायला लागला? मग मला काढून टाका आता." तरी ते तासाभरात तिथं पोचले. "बाई, इथं सगळं ठीक आहे. घड्याळ बरोबर, दिवे बरोबर. पडद्यावर चार-एक-दोन आहे."

"बंद करून चालू करा बघू."

त्यांनी केलं. चारशे बारा.

मग तिनं तिकडची फाइल आपल्याकडे ओढून घेतली. प्रत्येक फाइलच्या शेवटी तोवरच्या सगळ्या बदलांची यादी असते: कुणी केला, कधी, का. चारशे नऊपर्यंत यादी तिच्याकडच्यासारखीच होती. त्याखाली तीन नोंदी जास्तीच्या होत्या आणि तिन्हींवर तिचंच नाव होतं.

पहिली, टेकडीवरच्या पंपघराच्या रखवालदाराचा फोन नंबर बदलल्याची. तारीख येत्या बुधवारची. दुसरी, एकतीस नंबरचा पंप वीस मिनिटं कमी चालवण्याची. तारीख शुक्रवारची. तिसरी पुढच्या गुरुवारची. सतरा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह कायमचे बंद, सकाळी अकरा वीसपासून लागू. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘सतरा नंबरच्या वस्तीत आता कुणी राहत नाही. विचारून केले.’

‘विचारून केले’ ही तिची सवय. नऊ वर्षांपूर्वी एकदा न विचारता बदल केल्याबद्दल तिला बोलणी खावी लागली होती, तेव्हापासून ती प्रत्येक कारणाच्या शेवटी हे दोन शब्द लिहायची. दुसरं कुणी लिहीत नसे. कुणाच्या लक्षात आलं असेल असंही तिला वाटत नव्हतं.

सतरा नंबरच्या वस्तीत दोनशे ऐंशी घरं होती. त्यातल्या एकात तिची ताई, भावोजी आणि आई राहत होती.

* * *

ती घाबरट बाई नव्हती. कुणीतरी आपली चेष्टा करतंय, असंच तिनं आधी धरलं. मग घुसखोरी. दोन्ही तपासण्यात सोमवार गेला. सतरा नंबरला तिच्या टेबलाखेरीज कुणी शिवलेलं नव्हतं.

मंगळवारी काकांनी भांडारातून कोरा डबा नेऊन तिथं बसवला. नवा डबा सुरू झाला, चारशे नऊ ओढून घेतली आणि चौकोन हिरवा झाला. तिनं चहा मागवला. चहा यायच्या आत चौकोन पांढरा.

"काका, काही केलंत का?"

"मी बाहेर ओट्यावर बसलोय बाई, भिंतीला टेकून. हातसुद्धा लावलेला नाही." मग ते म्हणाले, "हा डबा तर काल खोक्यात होता."

तिनं मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या टेबलावर एका वेळी दहा गोष्टी पेटलेल्या असत आणि अकरावी पेटलेली त्यांना दिसत नसे. "मॅडम, यंत्र आहे. चुकीचा आकडा दाखवतंय. तुम्ही चारशे तेरा काढा आणि चढवा वरून. विषय संपला."

"चारशे तेरा काढायला आधी चारशे दहा, अकरा, बारा काढाव्या लागतील, साहेब. नंबर मधे सोडता येत नाही."

"हा नियम कुणी केला?"

"मी."

साहेब हसले. ती हसली नाही.

बुधवारी दुपारी टेकडीवरच्या रखवालदाराचा फोन आला. "बाई, माझा मोबाइल हौदात पडला. नवा नंबर घेतलाय, लिहून घ्या."

तिनं आकडे कागदावर लिहून घेतले. समोरच्या फाइलकडे बघायची तिची इच्छा नव्हती, पण डोळे गेलेच. तेच दहा आकडे. तिनं ठरवलं, कारण वेगळं लिहायचं. फाइलमध्ये होतं ‘रखवालदाराने नंबर बदलाल’, त्यात ‘बदलला’च्या जागी ‘बदलाल’ पडलं होतं. आपण असं चुकीचं लिहिणार नाही. तिनं एकेक अक्षर बघत, लांबलचक, निराळंच वाक्य लिहिलं आणि तपासणीसाठी साहेबांकडे पाठवलं. साहेबांचा लगेच फोन आला, "मॅडम, एवढं रामायण कशाला? थोडक्यात लिहा की, पुढं मला बैठक आहे." तिनं घाईनं लिहिलं, साहेबांनी मंजुरी दिली, फाइल जतन झाली. चारशे दहा.

‘रखवालदाराने नंबर बदलाल. विचारून केले.’

प्रत्येक आवृत्तीला यंत्र एक लांबलचक खूण देतं आणि यादीत नोंदीशेजारी ती लिहितं. एक स्वल्पविराम जरी हलला तरी ती खूण संपूर्ण बदलते. तिनं आपल्या चारशे दहाची खूण आणि सतराच्या यादीतली चारशे दहाची खूण ताडून पाहिली. चौसष्ट अक्षरं, एकही वेगळं नव्हतं.

त्यानंतर तिनं फाइलला कुलूपच लावलं. गुरुवारी बदलाच्या तीन विनंत्या आल्या, तिन्ही तिनं पुढच्या महिन्यावर ढकलल्या. शुक्रवारी सकाळी एकतीस नंबरवरून ओरड सुरू झाली. पंप तापतोय, वास येतोय, वीस मिनिटं तरी कमी चालवा. तिनं दहा मिनिटं सुचवली. "दहानं काय होतंय?" तिकडचा माणूस ओरडला. मग साहेब स्वतः तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, पंप जळला तर अर्धं शहर बोंब मारेल. वीस करा." तिनं वीस केली. चारशे अकरा. खूण ताडून पाहायची गरज नव्हती, तरी तिनं पाहिली.

* * *

शनिवारी ती ताईकडे गेली. वस्ती नेहमीसारखीच होती: उतारावरचा सरळ रस्ता, दोन्हीकडे दुमजली घरं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. दोन पोरी रस्त्यावर खडूनं घरं आखून लंगडी खेळत होत्या. ताई वरच्या मजल्यावर राहायची, खाली भावोजींचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान. भिंतीभर नमुन्याच्या रिकाम्या चौकटी टांगलेल्या. आत शिरताच तिच्या लक्षात आलं, की सगळ्या एकाच बाजूला कलल्या आहेत.

"भावोजी, हे असं का?"

"अगं, मलाच कळत नाहीये. सकाळी सरळ करतो, संध्याकाळी परत वाकड्या. महिना झाला. वाटलं खिळे ढिले झाले असतील, सगळे बदलले." त्यांनी काउंटरवर एक पेन्सिल ठेवली. पेन्सिल थोडी थांबली आणि मग संथपणे गडगडत रस्त्याच्या बाजूच्या कडेवरून खाली पडली. "काउंटरही बदलायला झालाय."

वर आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. ताईला तिनं आईपासून जरा बाजूला नेलं. "तुम्ही थोडे दिवस माझ्याकडे राहायला या. आईला घेऊन."

"का गं? काय झालं?"

काय सांगणार? "माझ्याकडे एक आकडा आलाय," ती म्हणाली. "बरोबर वाटत नाहीये."

"बरोबर नाही म्हणजे चुकलेला ना? मग दुरुस्त कर," ताई म्हणाली. तिला बहिणीच्या कामातलं एवढंच कळायचं, आणि इतर वेळी तेवढं पुरायचं.

आई आतून म्हणाली, "मी कुठं जाणार नाही. तिच्या घरात चौथ्या मजल्यावर चढून जायचं आणि मग काय, आभाळाकडे बघत बसायचं?"

घरी परतताना बसमध्ये तिला एकच वाक्य सुचत राहिलं. आता कुणी राहत नाही. मेले असं लिहिलेलं नव्हतं. गेले असंही नव्हतं.

पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तिनं सोमवारी केलं. सतरा नंबरला आत येणारं पाणी आणि घरांच्या मीटरवर लागलेलं पाणी, दोन्हींचे वर्षभराचे आकडे शेजारीशेजारी मांडले. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत दोन्ही रेषा जोडीनं चालत होत्या. त्यानंतर आत येणारं पाणी हळूहळू वर सरकायला लागलं होतं आणि घरांचं तिथंच थांबलेलं. मधलं पाणी कुठंतरी जात होतं. एवढा ओघ वाढला तर भोंगा वाजायलाच हवा होता.

तिनं यादी मागं मागं चाळली. आवृत्ती तीनशे अठ्ठ्याऐंशी. सतरा नंबरच्या भोंग्याची मर्यादा दुपटीनं वाढवली. कारण: ‘भोंगा उगाच वाजतो, तक्रारी येतात. विचारून केले.’ बदल करणारी ती. तपासणारे साहेब.

तो दिवस तिला अंधुक आठवत होता. त्या आठवड्यात भोंगा चार वेळा वाजला होता, साहेब वैतागले होते, आणि तिनं दोन मिनिटांत बदल करून टाकला होता. भोंगा उगाच वाजत नव्हता. आठ महिने तो गप्प होता, कारण तिनं त्याला गप्प बसवलं होतं.

* * *

मंगळवारी ती काकांबरोबर वस्तीत गेली. गळती शोधायला जुने फिटर पोलादी दांडी वापरतात. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. नळ फुटला असेल तर बारीक सूं सूं ऐकू येतं. काकांनी रस्त्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. दर चार पावलांवर दांडी टेकवायची, डोळे मिटायचे, पुढं जायचं. भावोजींच्या दुकानासमोर ते थांबले. दांडी उचलली, परत टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली.

"काय आहे?"

त्यांनी दांडी तिच्या हातात दिली.

तिनं कान लावला. सूं सूं नव्हतं. पाणी पडत होतं. उंचावरून, मोकळ्या जागेत, आडात बादली उपडी केल्यावर घुमतं तसं घुमत. ती ज्या डांबरावर उभी होती त्याच्या खाली कितीतरी खोल. तिथं आड नव्हता, विहीर नव्हती, तळघरसुद्धा नव्हतं. पडण्याचा आवाज अखंड चालला होता, आणि मधेच एखादं ढेकूळ पाण्यात पडल्यासारखा जड ‘डुब्ब’ असा आवाज यायचा. खडूनं आखलेल्या घरांच्या रेघा तिच्या पायांभोवती होत्या.

"बाई," काका हळू आवाजात म्हणाले, "आपण दोघंही जरा कडेला सरकू या."

या वेळी तिनं साहेबांशी हुज्जत घातली नाही. "चला आणि ऐका," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, साहेब बैठक सोडून उठले. दांडीला कान लावून ते अर्धा मिनिट वाकलेले होते. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरला होता.

"किती घरं आहेत?"

"दोनशे ऐंशी."

बुधवारी सकाळपासून वस्ती रिकामी करायला घेतली. माती तपासणारी एक अभियंता आली. रस्त्याला बोटाएवढं भोक पाडून तिनं आत दिवा सोडला, पण दिव्याला तळ सापडला नाही. ती म्हणाली, माणसं निघेपर्यंत पाण्याला हात लावू नका, दाब एकदम गेला तर वरची माती काय करेल सांगता येत नाही. लोकांनी शिव्या घातल्या, काहींनी दारं लावून घेतली, एका घरातून कपाट निघेना. भावोजी नमुन्याच्या चौकटी एकेक करून पोत्यात भरत बसले. आई खुर्चीवरून हलेना.

"आई, चल ना गं."

"तू खरं सांग. काय होणार आहे?"

"मला माहीत नाही."

आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला माहीत आहे," ती म्हणाली आणि उठली. जिना उतरताना तिनं दोघी लेकींपैकी कुणाचाच हात धरला नाही.

गुरुवारी सकाळी नऊपर्यंत अकरा घरं उरली होती. ती टेबलाशी बसली होती. पांढरा चौकोन समोर. तिच्या मनात फक्त वेळ होती. बदल जतन झाल्यापासून बरोबर दहा मिनिटांनी लागू होतो, हे यंत्र स्वतःच ठरवतं. म्हणजे अकरा वीस चुकवायची असेल तर अकरा दहाला जतन करायचं नाही. आधी जतन करायचं, नाहीतर नंतर.

दहा पन्नासला साहेबांचा वस्तीतून फोन आला. शेवटचं कुटुंब निघालंय, व्हॉल्व्ह बंद करायची तयारी ठेवा. तिनं दोन मिनिटांत बदल लिहून तपासणीला पाठवला. कारणाचा रकाना तिनं रिकामा ठेवला होता. यंत्रानं फाइल परत केली: कारण लिहा. नियम तिचाच. तिनं ‘सुरक्षेसाठी’ लिहिलं आणि पुन्हा पाठवलं. साहेबांकडून उत्तर नाही. फोन लागेना. अकरा वाजले, अकरा पाच झाले. अकरा सातला त्यांचा फोन आला, मागं गलका चाललेला. "नेटवर्क नव्हतं. सगळे बाहेर आहेत, मोजले, दोनदा मोजले. मॅडम, ‘सुरक्षेसाठी’ असं मोघम नको. उद्या चौकशी लागेल, व्हॉल्व्ह बंद करताना आत माणसं नव्हती हे लेखी पाहिजे. नीट लिहा."

"काय लिहू?"

"वस्तीत आता कुणी राहत नाही, असं लिहा. खरं तेच लिहा."

तिनं लिहिलं. नको म्हणून थांबावंसं वाटलं, पण फोनवर साहेबांच्या मागून अभियंता ओरडत होती की भोक रुंद होतंय, पाणी बंद करा. नंतरचे दोन शब्द तिच्या बोटांनी आपसूक लिहिले. साहेबांनी तिकडून मंजुरी दिली आणि फाइल जतन झाली. अकरा दहा.

चौकोन हिरवा झाला. दहा मिनिटं शेहेचाळीसच्या शेहेचाळीस हिरवे. अकरा वीसला सतरा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाल्याची सूचना आली. अकरा एकेचाळीसला रस्ता खाली बसला.

काका पंपघराच्या ओट्यावरून बघत होते. ते पुढं सांगायचे, मोठा आवाज झालाच नाही. आधी भावोजींच्या दुकानाची पाटी खाली वाकली, मग घर गुडघ्यावर बसल्यासारखं झालं, मग शेजारचं. एकोणीस घरं गेली. बाकीच्यांना भेगा पडल्या, आणि त्या वस्तीत पुन्हा कुणाला राहू दिलं नाही. माणूस एकही दगावला नाही.

पाणी बंद केलं म्हणून जमीन खचली का, असं तिनं त्या अभियंतेला विचारलं. "आज ना उद्या खचणारच होती," ती म्हणाली. आज की उद्या, हे मात्र ती सांगू शकली नाही.

* * *

चौकशीला तिघे जण होते. तीनशे अठ्ठ्याऐंशीचा कागद तिनं स्वतःहून पुढं ठेवला. मग त्यांनी विचारलं, आठ महिने लक्ष गेलं नाही आणि त्याच आठवड्यात कसं गेलं? तिनं पांढऱ्या चौकोनापासून सगळं सांगितलं.

मंगळवारी काढलेला पहिला डबा भांडारात होता. त्यांनी तो उघडला. त्यात चारशे नऊ होती, पुढचं काही नाही. दुसरा डबा पंपघरातच होता, त्यात चारशे बारा होती, आणि आता सगळीकडेच चारशे बारा होती. उरली तिच्या संगणकावरची प्रत, त्या सोमवारी ओढून घेतलेली. गुरुवारची फाइल जतन करताना यंत्रानं दोन्ही ताडल्या, अक्षरन् अक्षर सारख्या आढळल्या, म्हणून एकच ठेवली होती आणि तिच्यावर गुरुवारची तारीख घातली होती.

काकांनी साक्ष दिली, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, चार-एक-दोन. डबा खोक्यातून काढला त्या दिवशी." लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं: स्मरणावरून सांगितले.

अहवालात ‘यंत्रातील क्षणिक बिघाड’ असे शब्द आले. साहेबांची बदली झाली. तिला ताकीद मिळाली आणि भोंग्यांबद्दल एक नवा नियम तिनं स्वतःच घातला: वाढवलेली मर्यादा तीस दिवसांनी आपोआप पूर्वीवर येईल, मग पुन्हा वाढवायची असेल तर पुन्हा कारण. सगळे कुरकुरले.

चौकशीतला वयस्कर माणूस नंतर जिन्यात तिच्याजवळ थांबला. "ते वाक्य साहेबांनी सांगितलं म्हणता. साहेबांनी फाइल आधी पाहिली होती?"

"नाही. मी त्यांना फक्त नंबर सांगितला होता."

"आणि तुम्ही त्यांना ते वाक्य सुचवलं नाहीत?"

"नाही."

"मग ते पहिल्यांदा लिहिलं कुणी?"

एवढं विचारून तो कठड्याला धरून खाली उतरून गेला.

ताई, भावोजी आणि आई तेव्हा तिच्याकडेच राहत होती. दोन खोल्यांत चार माणसं. आंघोळीला नंबर, चार्जरवरून भांडणं. अहवाल छापून यायच्या आदल्या दिवशी दुपारी ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं ताईला तीनशे अठ्ठ्याऐंशीबद्दल सांगितलं. साहेब म्हणाले होते, तक्रारी येत होत्या, दोन मिनिटांचं काम होतं, सगळं.

ताईनं भावोजींच्या शर्टाची बाही आत दुमडली. मग दुसरी. "म्हणजे तो भोंगा वाजला असता तर घर राहिलं असतं."

"हो."

"आणि तुला तो आकडा आला नसता तर आम्ही राहिलो नसतो."

तिनं ताईसमोरच्या ढिगातला एक टॉवेल घडी घालायला घेतला.

"ह्यांना मी सांगते," ताई म्हणाली. "तू सांगू नकोस. तुझ्याकडून ऐकलं तर त्यांना लगेच काहीतरी बोलावं लागेल."

भावोजी त्यावर कधीच काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. सामान हलवायला ती गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, चहा विचारला. आई तिथं खूश होती, जिना नव्हता. ताई दर रविवारी फोन करते. तिनं केलेला फोन कधी भावोजींनी उचललाच तर म्हणतात, "थांब हं, देतो तिला," आणि देतात.